पाच सीटांची गाडी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय दत्ताराम,

भीमराजचा तुला मनापासून जयभीम, आणि तुझ्या ओटीवर या घडीला जे कोणी बसले असतील त्या सगळ्यांना नमस्कार. आम्ही दोघं आणि संघमित्रा खुशाल आहोत. तुझी शुगर काय म्हणते? प्रेमावहिनींची कंबर थंडीत जास्त धरते असं मागे कळलं होतं, त्यांना म्हणावं उगाच वाकून काही उचलायचं नाही, उचलायला दत्ताराम आहे (तोही दुसरं काय करतो?). शिंगाने कडी काढून स्वतःच गोठ्याबाहेर येणारी ती तुझी म्हैस अजून तशीच हुशार आहे का, तेही कळव.

आता सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो. मी कमलला नऊ लाखांची साडी घेतलेली नाही.

दसऱ्याच्या दिवशी मी तुला फोन करून ओरडून सांगितलं, "दत्ताराम, गाडी घेतली!" तू म्हणालास, "बरां केलंस मेल्या, वहिनीक कधी धड साडी घेतलंस नाय. कितीक गावली?" मी सरळ मनाने म्हटलं, सगळं धरून नऊ लाख. त्यानंतर बराच वेळ फोनवर नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. मग वहिनींनी फोन घेतला आणि हळूच विचारलं की भावोजी, तुमची तब्येत बरी आहे ना? त्यानंतर मी तीनदा फोन करून खुलासा करायला गेलो. तिसऱ्यांदा तू म्हणालास की काळजी करू नको, मी कोणाला सांगितलं नाही. त्यावरून मला कळलं की आख्ख्या गावाला माहीत झालंय. तुझ्या कानाचं मशीन दुरुस्त होईल तेव्हा होईल, म्हणून हे पत्र. गाडी, दत्ताराम, गाडी. चार चाकांची, पांढरी, पाच सीटांची. चार महिने मी लिहिलं का नाही, तेही पुढे येईल, मला जरा वेळ दे.

कल्पना संघमित्राची. ती आता अंधेरीला विमा कंपनीत बरी स्थिरावली आहे. एक दिवस जेवताना म्हणाली, "पप्पा, एकतीस वर्षं तुम्ही लोकांना फिरवलंत. आता आम्हाला फिरवा." मी म्हटलं, रिक्षा आहे, मेट्रो आहे, कशाला? कमलने उठून कपाटातून बचतगटाचं पासबुक आणलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तू कमलला ओळखतोस. ती बोलते तेव्हा वाद घालता येतो, न बोलता पासबुक ठेवते तेव्हा येत नाही.

गाडी घ्यायची ही बातमी बिल्डिंगमध्ये फुटली आणि माझं डोकं फिरायची पाळी आली. आमच्या खाली चंद्रप्रकाश म्हणून एक गृहस्थ राहतात. त्यांनी जन्मात सायकलसुद्धा घेतली नाही, पण गाड्यांचं त्यांना सगळं माहीत. रोज संध्याकाळी मला कट्ट्यावर बसवून पेट्रोल की सीएनजी की बॅटरी यावर ते व्याख्यान द्यायचे. सोमवारी पेट्रोल जिंकायचं, मंगळवारी सीएनजी, आणि बुधवारी ते म्हणायचे की भीमराज, खरं सांगू का, थांबा अजून दोन वर्षं. (ते गेली बावीस वर्षं थांबलेत.) त्यात कमलचा भाचा विकी. त्याचं म्हणणं, "काका, बाकी काय पण घ्या, सनरूफ पाहिजेच. एकदम झकास वाटतं." सनरूफ म्हणजे छपराला पाडलेलं भोक. आता मला सांग, बसचं छप्पर गळायचं तेव्हा आपण डेपोत जाऊन भांडायचो की नाही? आणि आता त्याच भोकासाठी मी वरून पैसे देऊ?

शोरूममध्ये सिद्धेश नावाचा टाय लावलेला मुलगा भेटला. असेल चोवीस वर्षांचा. त्याने आम्हाला कॉफी दिली आणि अगदी आदराने विचारलं, "सर पहिल्यांदाच गाडी चालवणार का?" कमलने तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, नाही बाळा, थोडीफार सवय आहे. कुठली चालवता सर? म्हटलं, बावन्न बसलेले आणि अठरा उभे. बिचाऱ्याला पहिल्यांदा कळलंच नाही, मग माझं हेवी लायसन बघितलं तेव्हा उभाच राहिला. त्याचे वडील म्हणे रोज आपल्याच बसने मुलुंडला कामाला जायचे. त्यानंतर मात्र त्याने मला एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. सीटकव्हर, सुगंधी बाटली, मानेखालची उशी, रंगावरचा कसलासा चमकणारा थर, सगळं यादीतून स्वतःच खोडलं आणि हळूच म्हणाला, "काका, यातलं काही लागत नाही. मॅट तेवढी घ्या." (सर वरून काकावर आला तेव्हाच मी समजलो, आता भाव बरोबर मिळणार.)

कर्जासाठी मात्र आम्ही शोरूमच्या टेबलावर सही केली नाही. ते म्हणत होते सात वर्षं घ्या, हप्ता अगदी हलका बसतो. संघमित्रा आम्हाला बँकेत घेऊन गेली. तिथे श्वेता म्हणून एक शांत मुलगी होती. तिने कॉम्प्युटरचा पडदा सरळ माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "काका, महिन्याचा आकडा बघू नका, शेवटचा बघा." शेवटचा बघितला आणि मला पाणी मागावं लागलं. मग तिने सांगितलं की आधी जमेल तेवढं भरा, वर्षं कमी करा, पण फंडाला अजिबात हात लावू नका, म्हातारपण गाडीपेक्षा लांब असतं. एवढी शहाणी मुलगी. कर्ज संघमित्राच्या नावावर झालं, माझी सही खाली, कारण माझं वय त्यांच्या नियमात बसेना. आयुष्यात पहिल्यांदा मुलीच्या सहीखाली सही केली, दत्ताराम. वाईट नाही वाटलं. उलट पेन जरा हळूच फिरवलं, तेवढाच जास्त वेळ ती दोन नावं एकाखाली एक बघायला मिळाली.

दसऱ्याला गाडी मिळाली. आम्हाला तो दिवस दुप्पट मोठा, हे तुला माहीत आहेच. शोरूममध्ये ही गर्दी! गाडीवर लाल मखमली कापड टाकलेलं, पुठ्ठ्याची हातभर चावी, एक केक. एकजण नारळ आणि कुंकू घेऊन धावत आला. कमल त्याला म्हणाली, "बाळा, आम्ही आमच्या पद्धतीने करू, चालेल ना?" आणि तिथेच, त्या सगळ्या फुग्यांमध्ये, तिने हात जोडून त्रिशरण म्हटलं. मी आणि संघमित्रा मागून म्हणत होतो. सिद्धेशने टाय नीट केला आणि तोही हात जोडून उभा राहिला, पलीकडच्या निळ्या गाडीवालं कुटुंबही आरती थांबवून गप्प झालं. घरी गाडी विकीने आणली, कारण केक माझ्या मांडीवर होता. बिल्डिंगमधल्या जानकीकाकूंनी तोवर लिंबू-मिरची करून ठेवली होती. कमलने ती प्रेमाने घेतली आणि मिरच्या आमटीत घातल्या.

आता खरी कथा. (इथून पुढचं वहिनींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.)

पुढच्या रविवारी सकाळी मी कमलला बाजूला बसवून गाडी काढली. पहिली गोष्ट म्हणजे या गाडीला क्लच नाही. माझा डावा पाय एकतीस वर्षांत एक दिवस रिकामा बसला नव्हता, तो आता बेकार. सारखा काहीतरी दाबायला शोधतो. दुसरी गोष्ट, बसायचं इतकं खाली की वाटतं रस्त्यावर मांडी घालून बसलोय. आपण वरून बघायचो तेव्हा गाड्यांची टपं दिसायची, आता मला बसचं चाक डोळ्यासमोर दिसतं. सोसायटीच्या गेटातून मी सवयीने चाळीस फुटी बससारखं लांबून वळण घेतलं आणि थेट समोरच्या भाजीवाल्याच्या गाडीपाशी गेलो. भाजीवाला म्हणाला, "काका, काय देऊ?" कमलने खिडकीतूनच अर्धा किलो भेंडी घेतली. तिला वाटलं मी मुद्दाम थांबवली.

पुढे तर कहर झाला. नाक्यावर बसस्टॉप दिसला आणि माझ्या पायाने आपोआप ब्रेक दाबला. बरोबर स्टॉपला लावून, फुटपाथला समांतर, एकदम परीक्षेतल्यासारखी गाडी उभी केली आणि मी वाट बघत बसलो. कसली वाट बघतोय ते माझं मलाच कळेना. कमल म्हणाली, अहो चला की. तेव्हा लक्षात आलं, मी तुझ्या कंडक्टरी डबल बेलची वाट बघत होतो. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि एक आजीबाई पिशवीसकट आत येऊन बसल्या. "सर्वोदयला जाते ना रे?" मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार, स्टॉपवरून पॅसेंजर घेतला आहे. त्यांना सर्वोदयला सोडलं, उतरताना त्यांनी दहाची नोट कमलच्या हातात ठेवली आणि मला सांगून गेल्या, "नीट चालवतोस हो तू." त्या गाडीतलं माझ्या ड्रायव्हिंगचं हे पहिलं आणि शेवटचं कौतुक.

कारण त्यानंतर मी हायवेवर चढलो. दत्ताराम, तुला खरं सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. उजवीकडून ट्रेलर, डावीकडून मोटरसायकली, मागून हॉर्न, आणि गाडीच्या आतूनच कसलीतरी पिपाणी वाजते, काहीही जवळ आलं की टी टी टी. वर बसलेला असताना मला कधी कशाची भीती वाटली नाही. सगळे आपल्याला बघून बाजूला व्हायचे. आता मला कोणी बघतच नव्हतं. ट्रेलरचं चाक माझ्या खिडकीएवढं. कशीबशी गाडी सर्व्हिस रोडला घेतली, बाजूला लावली, पिवळे दिवे लुकलुकत ठेवले आणि स्टिअरिंगला धरून बसून राहिलो. किती वेळ कोण जाणे. मागून एक बस आली, शेजारी हळू झाली. खिडकीतून एक तरुण ड्रायव्हर डोकावला, मिशीही नीट फुटली नव्हती त्याची. "काका, बरं नाय वाटत का? पाणी देऊ?" त्याने स्वतःची बाटली खाली धरली, कमलने घेतली. मला त्याला सांगायचं होतं की बाळा, तू बसलास ना, तिथे मी एकतीस वर्षं बसलोय. पण मी नुसती मान हलवली. शेवटी विकीला फोन करून बोलावलं, त्याने गाडी घरी आणली.

त्या दिवसापासून गाडीवर कव्हर. विचारणाऱ्यांना मी सांगायचो, इंजिन नवीन आहे, मुरू देतोय. (चंद्रप्रकाशांना हे इतकं पटलं की ते दुसऱ्यांनाही सांगायला लागले.) रोज सकाळी कव्हर काढायचो, बादलीभर पाण्याने धुवायचो, काचा वर्तमानपत्राने पुसायचो, टायरच्या खाचेतला एकेक खडा काडीने काढायचो आणि पुन्हा कव्हर घालायचो. बिल्डिंगमधली पोरं त्या गाडीला ममी म्हणायची. डिसेंबरात बॅटरी बसली. मेकॅनिक आला, मीटरवरचा आकडा बघितला आणि म्हणाला, "काका, गाडी चालवायची असते. पुसायची नसते." मी त्याला पैसे दिले आणि तो गेल्यावर पुन्हा पुसली, त्याच्या हाताचे डाग होते.

या काळात कमल दुपारची बाहेर जायला लागली. विहारात पालीचा वर्ग सुरू झालाय म्हणाली. मला आनंद झाला. साठीला आलेली बाई नवीन भाषा शिकते म्हणजे गंमत नाही. भाकरी थापता थापता ती पुटपुटायची, "मिरर, सिग्नल, मॅन्युव्हर. मिरर, सिग्नल, मॅन्युव्हर." मी संघमित्राला म्हटलं, पाली ऐकायला बरीच इंग्रजीसारखी वाटते. ती उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जानेवारीत पोस्टमन पाकीट घेऊन आला. वर नाव कमलचं. ती वर्गाला गेलेली, म्हणून मी फोडलं. आत लायसन. फोटो कमलचा, जन्मतारीख कमलची, खाली गाडीचं चित्र. मी तासभर ते कार्ड उलटंसुलटं करत होतो. मला वाटलं सरकारची चूक आहे, परत पाठवावं. ती आली तेव्हा ते कार्ड टेबलावर होतं. तिने चप्पल काढली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "दोघांपैकी एकाला तरी यायला हवं ना." बस्स. भांडण नाही, टोमणा नाही. नंतर कळलं की माधुरी म्हणून एक शिकवणारी बाई आहे, तिच्या हाताखाली आमच्या घरातली ही विद्यार्थिनी पहिल्या फटक्यात पास झाली. डॉक्टरांना माहीत (त्यांनी सर्टिफिकेट दिलेलं), संघमित्राला माहीत, विकीला माहीत, भाजीवाल्याला माहीत. एक मलाच पाली.

मग गेल्या रविवारी सकाळी तिने स्वतः कव्हर काढलं. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, बसा. मी डाव्या बाजूला बसलो. दत्ताराम, मी जेवढे ब्रेक आयुष्यात दाबले नसतील तेवढे त्या मॅटवर दाबले. पण ती काय चालवते! हळू, सरळ, प्रत्येक वेळी आरशात बघून. हॉर्न नाही, घाई नाही. मागचे लोक बोंबलत होते, तिला ऐकूच येत नव्हतं. हायवेवर मी डोळे मिटून घेतले, तर म्हणाली, "उघडा. चांगलं दिसतं इथून." उघडले. खरंच चांगलं दिसत होतं.

कन्नमवार नगरच्या स्टॉपच्या थोडं पुढे तिने इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली. आम्ही तेव्हा तिथेच राहायचो, तुला आठवत असेल, एका खोलीत, तान्ही संघमित्रा पोटात मुरडा आल्यासारखी दिवसभर रडायची. मी पहाटे जायचो, यायचो तेव्हा मायलेकी झोपलेल्या. आठवडा आठवडा बोलणं व्हायचं नाही. तर कमल त्या स्टॉपकडे बोट करून म्हणाली, "इथून मी चढायचे." मी म्हटलं, कशात? "तुमच्या बसमध्ये. दुपारच्या फेरीला. पोरीला घेऊन."

आता तू हे वाचताना मान खाली घातली असशील, घाल. तुला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, बायकांच्या सीटवर बसायचे, इंजिनच्या आवाजाने पोर दोन स्टॉपात झोपायची. मुलुंड चेकनाक्यापर्यंत जायचे आणि त्याच बसने परत. तुमची मान दिसायची, कान दिसायचा. घरी दिसत नव्हतात तेवढे तिथे दिसायचात. दत्ताराम भावोजींना मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, त्यांना सांगू नका. मी विचारलं, का पण? तर म्हणाली, "कळलं असतं तर तुम्ही मागे बघितलं असतं. आणि गाडीत एवढी माणसं."

आठ महिने, दत्ताराम! आठ महिने तू माझ्या बायकोचं तिकीट फाडलंस, डब्यातली अर्धी चपाती मला दिलीस, माझ्याबरोबर चहा प्यायलास, आणि एका शब्दाने बोलला नाहीस. इतर वेळी तुझ्या पोटात पाव तास काही राहत नाही. तुला काय म्हणावं ते मी आठवडाभर शोधतोय. शिवी सापडली नाही म्हणून पत्र लांबलं.

एसीचा वारा डोळ्यात जात होता. मी तो बंद केला तरी जातच होता. थोड्या वेळाने कमल खाली उतरली, फिरून माझ्या बाजूला आली, माझं दार उघडलं आणि चावी माझ्या हातात ठेवली. आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसली. मी स्टिअरिंगवर बसलो. ट्रेलर होते, मोटरसायकली होत्या, पिपाणीही होती. मी वरच्या आरशात बघितलं. मागे एकच पॅसेंजर होती, खिडकीबाहेर बघत बसलेली. मी गाडी सुरू केली आणि चेकनाक्यापर्यंत नेली. तिथे उसाचा रस प्यालो आणि परत आणली.

तेव्हा आता कव्हर माळ्यावर आहे. गाडी रोज बाहेर जाते, धुतली जाते आठवड्यातून एकदा. टायरची हवा मी तपासतो, कागदपत्रं कमल सांभाळते, हप्ता संघमित्राच्या खात्यातून आपला आपण जातो. तुझा रंजन गाडी घ्यायचं म्हणत होता ना, त्याला सांग, मला विचार. फक्त चंद्रप्रकाशांचा नंबर माझ्याकडे मागू नको.

वहिनींना कमलची आठवण सांग. तब्येतीला जप, पाय दुमडून फार वेळ बसू नकोस. भेटीची वाट बघणारा,

तुझा
भीमराज

त. क. – आम्ही पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतोय, गाडीने. हे पत्र मुळात त्याचसाठी होतं, ओघात राहून गेलं. तुझ्या अंगणात लावायला जागा कर. फणसाखाली नको, पक्षी घाण करतात त्याने रंग जातो. आंब्याखाली नको, चीक पडतो. माडाखाली तर नकोच नको. गोठा जरा रिकामा होईल का बघ, म्हशीची समजूत तू घाल.

त. क. (कमलच्या हातचा) – भावोजी, सप्रेम जयभीम. यांनी चेकनाक्यापर्यंत नेली हे खरं. परत मी आणली. उसाच्या रसानंतर हे मागच्या सीटवर झोपले होते. आणि मिरच्या मी आमटीत नाही, ठेच्यात घातल्या. वहिनींना म्हणावं, घाटात मीच चालवणार आहे, काळजी करू नका. पत्र वाचून झालं, बाकी सगळं ठीक लिहिलंय.

त. क. – कमल गाडीत पेट्रोल भरायला गेली आहे, तेवढ्यात हे लिहून पाकीट चिकटवतो. आम्ही आलो की ती तुला माझ्यादेखत विचारणार, यांना तेव्हा खरंच माहीत नव्हतं ना? तू नव्हतं म्हण. तुला तर तेच खरं वाटतंय, तसंच राहू दे म्हटलं असतं, पण आता तुझ्याशी खोटं बोलवत नाही. त्या इंजिनच्या धडधडीत मला इन्स्पेक्टरची शिट्टी ऐकू यायची नाही, पण आपलं पोर रडतंय हे बापाला ऐकू येतं, दत्ताराम. पहिल्याच दिवशी आलं. भर दुपारी पोरीला घेऊन ती काही न सांगता येऊन बसते, तर तिला तसंच बसू द्यावं असं वाटलं, म्हणून मागे बघितलं नाही. विक्रोळी सुटली की पोरीचं रडणं थांबायचं, मग मी गाडी एकदम हळू घ्यायचो, आणि तू मागून ओरडायचास, "अरे, खय झोपलंस?" मी सांगायचो, पुढे खड्डा आहे.

तिथे खड्डा कधीच नव्हता.